गाडीसमोर आडवं होऊ नका, आवक नंबर घ्या

पत्र असं आहे (शहराचं आणि ताईंचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून काढलंय, थोडं छोटंही केलंय):

"काका, आमच्या सोसायटीच्या गेटवर चार वर्षांपासून चंपी नावाची काळी कुत्री आहे. नसबंदी झालेली, कानाला खाच आहे. परवा सकाळी सातला महापालिकेची कुत्र्यांची गाडी आली, चार माणसं जाळी घेऊन उतरली आणि चंपीसकट तिघांना उचलून आत टाकलं. मी गाऊनवरच खाली पळत गेले आणि गाडीसमोर उभी राहिले. त्यातला एक म्हणाला, मॅडम बाजूला व्हा, नाहीतर सरकारी कामात अडथळा म्हणून केस टाकीन, आणि तुमच्या घरातला पण लायसन नसेल तर वर येऊन उचलून नेईन. आमचे सेक्रेटरी बाजूला उभं राहून हसत होते, त्यांनीच तक्रार केलेली. घरात आमचा बंड्या आहे, देशीच आहे, परवाना काढलेला नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याने एका डिलिव्हरीवाल्या मुलाच्या पोटरीला दात लावले होते, ते सेक्रेटरींना माहितीये. दोन रात्री झोप नाही. ह्या लोकांना नक्की अधिकार तरी किती असतात? घरात घुसू शकतात का? आणि चंपी कुठे असेल?"

ताई, आधी चंपीचं बघू, कायदा नंतर. तुमचं पत्र काल रात्री आलं म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी हे घेतलंय, कारण यात एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

चंपी बहुतेक नसबंदी केंद्रात असेल, सगळे त्याला एबीसी सेंटर म्हणतात. गाडीवर संस्थेचं किंवा ठेकेदाराचं नाव असतं, नंबर असतो, ते वॉचमनला विचारा. वॉचमनला नाही आठवलं तर गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज सेक्रेटरींकडे न मागता सोसायटीच्या ऑफिसातल्या पोराकडे मागा, तो देतो. नाहीच मिळालं तर क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य खात्याच्या टेबलावर विचारायचं की परवा सकाळी आमच्या भागात कुठली गाडी होती, त्यांच्याकडे रोजची नोंद असते. मी त्याच खात्यात आवक-जावकला सव्वीस वर्षं बसलोय (कुठल्या शहरात ते राहू दे), त्यामुळे कुठला कागद कुठे पडून राहतो आणि कुठला हलतो एवढं मला कळतं.

आता नियम. २००१ साली केंद्राने कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम केले, ते बदलून मार्च २०२३ मध्ये नवीन आले, प्राणी जन्म नियंत्रण नियम. त्याचा गाभा एवढाच आहे की पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच मारायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. जिथून उचललं तिथेच, हे नीट लक्षात ठेवा, कारण सेक्रेटरी लोकांना वाटतं तक्रार केली की कुत्रं कायमचं जातं, पार गावाबाहेर सोडून येतात. तसं सोडणं हाच नियमभंग आहे. चंपीच्या कानाला खाच आहे म्हणजे तिचं ऑपरेशन आधीच झालंय, तिला फार तर लसीचा डोस द्यायचा असेल, बाकी तिला तिथे ठेवून घ्यायचं काही कारण नाही.

फक्त एक गोष्ट तुमच्या पत्रात नाहीये आणि तीच महत्त्वाची आहे. तुमचं गेट कुठल्या शाळेच्या नाहीतर हॉस्पिटलच्या आवाराला लागून आहे का? कारण ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, क्रीडासंकुल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री उचलायची, नसबंदी-लस करून निवाऱ्यात ठेवायची, आणि परत त्याच जागी सोडायची नाहीत. चंपी दुपारी शेजारच्या शाळेच्या कंपाउंडमध्ये जाऊन झोपत असेल तर कागदावर तिला "शाळेच्या आवारातून" असं दाखवलेलं असू शकतं. म्हणून पकडलेल्या जागेच्या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. या प्रकरणात कोर्टाचे एकामागोमाग आदेश आलेत, तेव्हा कुणी "वरून ऑर्डर आहे" म्हणालं तर ऑर्डरची तारीख विचारायची, भांडायचं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, की ह्या माणसांना अधिकार किती.

अमेरिकेच्या सिरीयलींमध्ये बिल्ला लावलेला, समन्स फाडणारा अॅनिमल कंट्रोल ऑफिसर दिसतो ना, तसला प्राणी आपल्याकडे नाही. गाडीवरची माणसं बरेचदा ठेक्यावरची असतात, त्यांचा स्वतःचा म्हणून अधिकार शून्य. ते महापालिकेच्या वतीने रस्त्यावरचं कुत्रं पकडू शकतात, बस. तेही जाळीने किंवा हाताने, इजा न करता, आणि आधी त्या भागात सूचना लावून. पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याची जागा नोंदवायची. त्यांच्या वर पशुवैद्यकीय अधिकारी, तो ठरवतो की हे कुत्रं सोडायचं की रेबीजचा संशय आहे म्हणून वेगळं ठेवायचं. मारायचा अधिकार गाडीवाल्याला नाहीच, आणि साहेबालाही मनाला येईल तसा नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा असं नव्हतं हं. तेव्हा लोखंडी लांब चिमटे असायचे, मानेत अडकवून ओढायचे, आणि नंतर काय व्हायचं ते इथे लिहीत नाही, सकाळी चहाबरोबर वाचणारे लोक आहेत. आमच्याकडे पथकात एक जण होता, कुत्र्याजवळ जायच्या आधी बिडी विझवून कानामागे ठेवायचा, म्हणायचा वासाने बिथरतं. दोन्ही हात कोपरापर्यंत चाव्यांनी भरलेले. निवृत्त होईपर्यंत त्याला धड हातमोजे मिळाले नाहीत, मागणीपत्र माझ्याच टेबलावरून तीनदा वर गेलं होतं. हे सांगायचं कारण एवढंच की गाडीवाला तुमचा शत्रू नाही. तो सकाळी सहापासून शिव्या खात फिरतो, एका दारात "उचलत का नाही" म्हणून आणि दुसऱ्या दारात "उचलता का" म्हणून. तो जे बोलला त्यातलं अर्धं खरं होतं आणि अर्धं हवेतलं.

खरं अर्धं आधी. गाडीसमोर उभं राहिलात ते चुकलं. भारतीय न्याय संहितेत कलम २२१ आहे, सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडथळा आणला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात कुणाचा हात धरला, जाळी ओढली, धक्का दिला तर ते १३२ मध्ये जातं, तिथे दोन वर्षांपर्यंत आहे. आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने वेगळं सांगितलंय की पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांना कुणीही अडवायचं नाही, अडवलं तर कारवाई होईल. तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात, कुणाला हात लावला नाही असं मी पत्रावरून धरतो, आणि तो गाडीवालाही एवढ्यासाठी पोलीस स्टेशनची पायरी चढायचा नाही, त्याला दुपारपर्यंत गाडी भरायची असते. पण पुढच्या वेळी मोबाईल काढा, बाजूला उभं राहून शूटिंग करा, गाडीचा नंबर आणि वेळ बोलून रेकॉर्ड करा. शूटिंग म्हणजे अडथळा नव्हे.

हवेतलं अर्धं म्हणजे "घरात येऊन उचलून नेईन". गाडीवाला तुमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू शकत नाही. परवाना नाही म्हणून पाळलेलं कुत्रं घरातून उचलून न्यायचं असं काही त्याच्या हातात नाही, परवान्यासाठी नोटीस येते, दंड होतो, तुम्ही भरता, विषय संपतो. घरातला प्राणी ताब्यात घ्यायचा अधिकार येतो तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातून, कलम ३४, आणि तोही साध्या शिपायाच्या वरच्या हुद्द्याच्या पोलिसाला किंवा राज्य सरकारने खास नेमलेल्या माणसाला, आणि तेही प्राण्यावर अत्याचार होतोय असं मानायला कारण असेल तर. बंड्याला तुम्ही बाल्कनीत दिवसभर साखळीने बांधून उपाशी ठेवत नसाल तर त्या कलमाचा तुमच्याशी संबंध नाही. (त्या कायद्यातला दंड ऐकून हसू नका, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. १९६० चा आकडा आहे, अजून तसाच.)

पण बंड्या जिना उतरून, पट्टा नाही, बिल्ला नाही असा रस्त्यावर मोकळा फिरताना सापडला तर त्याला भटका समजून उचलतील आणि त्यात त्यांची चूक नाही, त्याच्या कपाळावर तुमचं आडनाव लिहिलेलं नसतं. म्हणून याच आठवड्यात परवाना काढा. रेबीज लसीचं कार्ड, बंड्याचा फोटो, तुमचा पत्त्याचा पुरावा, एवढंच मागतात साधारण. सोसायटीच्या ठरावाची वगैरे गरज नाही, कुणी मागितला तर कुठल्या नियमात आहे ते लिहून मागा. आणि सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, अॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ लाच तसं सांगितलंय, केरळ हायकोर्टाने २०२१ मध्ये असले बंदीचे नियम रद्दबातल म्हटलेत. सेक्रेटरींना एवढं ऐकवायला हरकत नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत सेक्रेटरींचा अधिकार किती, तर तक्रार करण्याएवढा. खाजगी माणसं बोलावून कुत्री उचलून टेम्पोत घालून दुसरीकडे सोडणं, काठीने मारणं, खाण्यात काहीबाही कालवणं, यातलं काही करायचा अधिकार त्यांना नाही, आणि त्यात प्राण्याला ठार मारलं किंवा लुळं-पांगळं केलं तर न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. इथे दंड पन्नास रुपयांचा नाही.

पण ताई, आता तुम्हाला आवडणार नाही असं. चंपीला तुम्ही गेटवरच खायला घालता ना? पत्रात लिहिलं नाहीये, पण चार वर्षं कुत्रं गेटवर उगाच बसत नाही. २०२३ च्या नियमात खायला घालणाऱ्यांना जागा ठरवून द्यायची जबाबदारी सोसायटीवर टाकलीये, पण ती जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या दारापासून लांब हवी. आणि २२ ऑगस्टच्या आदेशात वॉर्डनिहाय खाण्याच्या जागा ठरवा, रस्त्यावर कुठेही घालू देऊ नका असं आहे. तो विषय आधी दिल्लीपुरता होता, मग कोर्टाने सगळ्या राज्यांना त्यात ओढलं. तेव्हा गेटवरची पोळी बंद. सोसायटीला लेखी पत्र द्या की मागच्या बाजूला, पंपरूमजवळ म्हणा, जिथे म्हणाल तिथे, जागा आणि वेळ ठरवून द्या. नाही दिली तर वॉर्ड ऑफिसला त्याच पत्राची कॉपी. गेटवर घालत राहिलात तर सेक्रेटरींची पुढची तक्रार तुमच्या नावाने असेल आणि तेव्हा कायदा त्यांच्या बाजूला असेल.

हे सगळं मला नवीन नाहीये कारण आमच्या घरात हा तंटा कोंडवाड्यापासून चालत आलाय. लहान गावात वाढलेल्यांना कोंडवाडा सांगायला नको. आजोबांची म्हैस एकदा शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली, त्याने सरळ हाकत नेऊन कोंडवाड्यात दिली. १८७१ चा कायदा आहे तो, गुरांच्या अतिक्रमणाचा. ज्याच्या पिकात गुरं शिरली तो ती पकडून चोवीस तासांत कोंडवाड्यात पाठवू शकतो, मालकाने दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवायची, आठवडाभर कुणी आलंच नाही तर पुढे लिलावाची तयारी. धाकट्या काकांचं रक्त गरम, ते रात्री दार तोडून म्हैस आणायला निघाले होते. आजोबांनी धोतराला धरून बसवलं, कारण बळजबरीने सोडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. सकाळी आजोबा गेले, पैसे भरले आणि पावतीसाठी अडून बसले. कोंडवाड्याच्या मुनशीने वहीत लिहिलं होतं, "म्हैस एक, काळी". आजोबा म्हणाले, काळ्या म्हशी गावात दीडशे आहेत, नीट लिहा, डावं शिंग आत वळलेलं, कपाळावर चांदणी, उजवा कान फाटका. मुनशी वैतागला पण लिहिलं त्याने. पुढच्या वर्षी त्याच शेजाऱ्याने तीच म्हैस पुन्हा शिरली म्हणून भलतीच म्हैस दाखवली, तेव्हा ती वही कामाला आली.

(त्या कायद्यात हत्ती, उंटापासून डुकरापर्यंत सगळ्यांची नावं आहेत, कुत्रा मात्र नाही. तेव्हा कुणी तुम्हाला "कोंडवाड्याचा दंड भरा" म्हणालं तर भरू नका.)

तर तुमचा अर्ज आजोबांसारखा लिहायचा. "आमची कुत्री नेली, ती परत द्यावी" असं लिहून चालत नाही, एक तर ती "आमची" नाही, ती रस्त्यावरची आहे, आणि आमची म्हणालात तर परवाना दाखवा म्हणतील आणि तुम्ही अडकाल. असं लिहा की अमुक तारखेला, सकाळी सात वाजता, अमुक सोसायटीच्या गेटसमोरच्या रस्त्यावरून तीन कुत्री पकडण्यात आली, त्यातली एक मादी, काळी, कानाला नसबंदीची खाच, शेपटीचं टोक कसं आहे, कुठे जुना व्रण आहे ते, फोटो जोडला आहे. मग विचारायचं की ही तिन्ही कुठल्या केंद्रात आहेत, पकडल्याची जागा काय नोंदवली आहे, कुठल्या तारखेला, कुठे सोडणार. आणि शेवटी, नियमाप्रमाणे पकडलेल्या जागीच सोडावीत ही विनंती. विनंतीच लिहा, "जाब द्यावा" वगैरे लिहिलं की साहेब लोक अर्ज खाली सरकवतात, मी बघितलंय.

अर्ज पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत क्षेत्रीय अधिकाऱ्यांना. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. टेबलावरचा माणूस म्हणेल ठेवून जा, शिक्का नंतर मारतो. नंतर म्हणजे कधीच नाही, मी त्याच खुर्चीत बसून लोकांना हेच सांगायचो, देव क्षमा करो. ऑनलाइन तक्रार पण टाका पण नुसती ऑनलाइनवर राहू नका, ती "निकाली काढली" असा मेसेज येतो आणि निकाल काय लागला ते कुणालाच माहीत नसतं. आरटीआय आता नको. दहा रुपयांत होतो पण उत्तराला तीस दिवस, तोपर्यंत चंपी सुटलेली असेल किंवा तिची वही बंद झालेली असेल. आरटीआय ठेवा नंतरसाठी, म्हणजे तिघांना उचललं आणि दोघंच परत आली असं काही झालं तर, तेव्हा नोंदवहीची पानं मागवायची आणि नियमातच जी स्थानिक देखरेख समिती आहे तिच्याकडे तक्रार करायची.

केंद्रात जाल तेव्हा अकराच्या सुमाराला जा, सकाळी ऑपरेशनं चालू असतात, दुपारी कुणी भेटत नाही. शांत बोला. नोंदवही बघू द्या म्हणा, पिंजरा बघू द्या म्हणा, चंपी दिसली की फोटो काढा. तिथल्या डॉक्टरचा नंबर घ्या. बाकीच्या दोघांचंही विचारा, नुसतं चंपीचं नको, ती दोघं पण तुमच्याच गेटवरची आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी पत्र लिहिलेलं नाही.

आता राहिला तो डिलिव्हरीवाला मुलगा, आणि मला खरं तर या पत्रात सगळ्यात जास्त तेच खटकलं, की बंड्याचं काय होईल हे तुम्ही लिहिलंत पण पोराचं काय झालं ते नाही. बंड्यावरून खरी केस कुणी करू शकत असेल तर तो मुलगा, गाडीवाला नाही. पाळलेल्या प्राण्याबाबत हलगर्जीपणा, न्याय संहितेचं कलम २९१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सेक्रेटरी त्याला शोधून काढून तक्रार करायला लावू शकतात, तेवढे ते नक्कीच हुशार आहेत. पण केस राहू दे बाजूला. कुत्रं चावल्यावर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करायचं असतं. चावल्यानंतर दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवतात, बंड्या तीन आठवड्यांनंतर ठणठणीत आहे म्हणजे त्या चाव्यातून रेबीजची भीती राहिलेली नाही, हे चांगलंच आहे. पण ते त्या पोराला कुणी सांगितलंय का? तो इंजेक्शनाचा एकेक दिवस मोजत बसला असेल, किंवा घेतलंच नसेल आणि रात्री इंटरनेटवर वाचून घाबरत असेल.

सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ते डोस पहिल्या दिवशी, मग तिथून पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात, आणि हा शेवटचा बरेच जण विसरतात किंवा दिवसाची कमाई बुडते म्हणून टाळतात. तीन आठवडे झालेत म्हणजे त्याने सुरू केलं असेल तर त्याचा अठ्ठाविसावा दिवस अजून यायचाय. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्याचा नंबर असेल, फोन करा, माफी मागा, बंड्या बरा आहे आणि त्याची लस कधी झालीये ते सांगा, आणि विचारा शेवटचा डोस राहिलाय का. घ्यायचा की नाही ते तिथले डॉक्टर सांगतील. राहिला असेल तर तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर दवाखान्यात जा, रांगेत उभ्या राहा, त्याची त्या दिवसाची कमाई बुडेल तेवढे पैसे त्याच्या हातात ठेवा. आणि बंड्याचं लसीचं कार्ड बरोबर न्या, तेच पुढे परवान्याच्या खिडकीवर लागणार आहे.